शंका-समाधान : सही, अंगठा आणि मनातली धाकधूक

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांत सहीविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. कुणाचा चेक परत आला आहे, कुणाचे वडील आजारी आहेत, तर कुणाला घरातल्या जुन्या कागदाने झोप लागत नाही. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. कायदा सहीकडे सुबक आकृती म्हणून पाहत नाही. 'हा मजकूर माझा आहे, मला मान्य आहे,' अशी कबुली देणारी खूण म्हणून तो तिच्याकडे पाहतो. बहुतेक प्रश्नांची उकल इथूनच होते. जिथे काळजी रास्त आहे आणि जाणकाराकडे जायलाच हवे, तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे कागद मी टाइप करते. ठरावात 'सही' असते, वकिलांच्या मसुद्यात 'स्वाक्षरी', बँकेच्या अर्जावर 'हस्ताक्षर' आणि जुन्या करारात 'दस्तखत'. माझ्या हातून चुकीचा शब्द पडला तर कागद रद्द होईल का? सभासद मला जबाबदार धरतील अशी भीती वाटते.
— एक वाचक, डोंबिवली

या चारांपैकी कोणताही शब्द वापरला म्हणून कागद रद्द होत नाही. निश्चिंत राहा. 'सही' हा शब्द मूळच्या अरबी 'सहीह'वरून आला. त्याचा अर्थ बरोबर, निर्दोष. मजकूर बरोबर असल्याची खूण ती सही. 'दस्तखत'मध्ये फारसी 'दस्त' म्हणजे हात आणि अरबी 'खत' म्हणजे लेखन. 'हस्ताक्षर' हा त्याचाच संस्कृत जोडीदार आणि 'स्वाक्षरी' म्हणजे आपले स्वतःचे अक्षर. इंग्रजीतला 'सिग्नेचर' लॅटिन 'सिग्नम'वरून, म्हणजे खुणेवरून आला. म्हणून पुस्तकबांधणी करणाऱ्याला क्रम कळावा यासाठी घडीच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापलेल्या अक्षरालाही सिग्नेचर म्हणतात आणि आकाशवाणीच्या ओळखधुनेला सिग्नेचर ट्यून. (या धुनेचे श्रेय मुंबई केंद्रात काम केलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते.)

घोळ होतो तो एकाच ठिकाणी. मराठीत 'हस्ताक्षर' म्हटले की आपल्याला वळणदार अक्षर आठवते, हिंदीत मात्र त्याचा सरळ अर्थ सही. म्हणून हिंदी-इंग्रजी अर्जातल्या 'हस्ताक्षर' या चौकटीत अक्षराचा नमुना न लिहिता सही करायची. तुमच्या कागदांत एकच शब्द ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा, एवढे पुरे.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे एक जुने मोडी खरेदीखत सापडले. वाचून घेतले तर पणजोबांच्या नावापुढे सही नाही, नुसती 'निशाणी' आहे, आणि खाली 'दस्तुर' म्हणून एका परक्या माणसाचे नाव. त्या माणसाने आमच्या नावावर परस्पर सही ठोकली असेल का? भाऊबंद आता नाना शंका काढू लागले आहेत.
— एक शेतकरी, बार्शी

तुम्ही वर्णन केलेली मांडणी त्या काळच्या कागदांत नेहमीची आहे. तिच्यावरून फसवणुकीचा निष्कर्ष काढता येत नाही. 'दस्तुर' किंवा 'बकलम' (कलमाने, म्हणजे अमक्याच्या हातचे लेखन) यापुढे येणारे नाव कागद लिहिणाऱ्याचे असते. देणाऱ्याने स्वतः लिहिले असेल तर 'दस्तुर खुद्द' किंवा 'बकलम खुद्द' असे येते. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी करी आणि लिहिणारा तिच्याशेजारी नाव मांडी. त्याआधीच्या वतनी कागदांवर पाटलाची निशाणी नांगर असे आणि बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची खूण करत. शिवकालीन राजपत्रांतही हातच्या सहीपेक्षा मुद्रेला मान होता. पत्राला मोठी मुद्रा असे आणि मजकूर संपला हे दाखवायला अखेरीस छोटी मर्यादेची मुद्रा. मागून कुणी ओळ घुसडू नये, ही त्यातली व्यवस्था.

कायदाही अशा कागदांकडे सहानुभूतीने पाहतो. तीस वर्षांहून जुना कागद जिथे असायला हवा अशाच ताब्यातून निघाला, तर त्यावरील सही व अक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. मात्र हे गृहीतक सक्तीचे नाही, आणि त्याने मजकुराचा खरेपणाही आपोआप सिद्ध होत नाही. म्हणून मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, त्यावर पेन चालवू नका. जाणत्या मोडी वाचकाकडून पूर्ण लिप्यंतर (तोच मजकूर देवनागरीत) करून घ्या. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा राज्याच्या पुराभिलेख विभागात चौकशी केल्यास असे वाचक कळू शकतील. भाऊबंदांत वाद सुरू झालाच आहे, तेव्हा लिप्यंतर आणि जुने फेरफार उतारे घेऊन दिवाणी वकिलांना भेटा.

प्रश्न : सासूबाईंना लिहिता येत नाही. कुठेही गेले की अंगठा. मागच्या आठवड्यात एका खिडकीवर रांगेतले लोक हसले, तेव्हापासून त्या 'माझ्या अंगठ्याला काय किंमत' म्हणून कुठेच यायला तयार नाहीत. अंगठ्याचा कागद खरोखर कमी दर्जाचा असतो का?
— एक सून, कळंब

मुळीच नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येच सांगितले आहे की ज्याला नाव लिहिता येत नाही, त्याच्या बाबतीत 'सही करणे' यात खूण करणेही येते. त्यामुळे सासूबाईंचा अंगठा हीच त्यांची सही. उलट एका बाबतीत तो सहीपेक्षा सरस आहे. सही गिरवता येते, पण दोन माणसांच्या बोटांवरच्या रेषा सारख्या नसतात. १८५८मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, पुढे १८९७मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. त्या ठशांची वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीयांचा मोठा वाटा होता. आज आधारसाठी शिकलेली माणसेही तेच बोट यंत्रावर टेकवतात.

अंगठ्याच्या कागदात खरा धोका वेगळा असतो. मजकूर न वाचता अंगठा घेतला जातो. म्हणून आधी कागद त्यांना मराठीत वाचून दाखवा, 'वाचून दाखवला, समजला, मान्य आहे' अशी ओळ लिहवून घ्या. 'निशाणी, डाव्या हाताचा अंगठा' असे लिहून शेजारी त्यांचे पूर्ण नाव आणि ओळखणाऱ्याची सही असू द्या. रेषा स्पष्ट उमटतील इतपतच शाई लावावी.

प्रश्न : बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात चालत नाही. पेन्शन खात्यात आहे, पण सही जुळत नाही म्हणून पैसे काढता येत नाहीत. औषधांचा खर्च वाढतोय. मी त्यांच्यासारखी सही करू शकतो, पण मन धजत नाही. काय करू?
— एक मुलगा, सांगली

मन धजत नाही तेच योग्य आहे. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याची सही करणे तुम्हाला आणि बाबांच्या खात्यालाही अडचणीत आणू शकते. त्याची गरजही नाही. आजारी, वृद्ध वा अपंग खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सही जमत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तोही शक्य नसेल तर एखादी खूण चालते. ती बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावी लागते आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. पैसे कोण नेणार हे बाबांनी बँकेला सांगायचे असते आणि त्या व्यक्तीलाही दोन साक्षीदारांनी ओळखावे लागते. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याबाबतही बँकांना सूचना आहेत. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा आणि अर्जाची पोच घ्या.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. हात चालत नाही पण बाबांना सगळे समजते, तोवर हे सारे लागू आहे. समज किंवा स्मृती गेली असेल तर अंगठा घेणेही योग्य नाही. तेव्हा पालकत्वाच्या आदेशासाठी न्यायालयाकडे जावे लागते. त्यासाठी आधी मेंदूविकारतज्ज्ञ आणि नंतर वकील, दोघांनाही भेटा.

प्रश्न : 'सही जुळत नाही' असा शेरा मारून माझा चेक बँकेने परत पाठवला. चेक मीच दिला, सही माझीच. ज्यांना दिला ते आता केस करू म्हणतात. मी फसवणूक केली असे ठरेल का? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.
— एक दुकानदार, जळगाव

एकाच माणसाच्या दोन सह्या हुबेहूब एक नसतात. बसणे, पेन, घाई, थकवा यांनुसार त्यांत नैसर्गिक फरक (खऱ्या लेखकाच्या हातचा बदल) पडतो. उलट दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत बसल्या, तर सह्या तपासणाऱ्या परीक्षकाला गिरवल्याचा संशय येतो. तो आकारापेक्षा रेषेचा ओघ, दाब आणि पेन कुठे उचलले हे बघतो. वर्षानुवर्षांत सही बदलत जाते आणि बँकेकडे मात्र खाते उघडतानाचा नमुना असतो. तेव्हा शेरा आला एवढ्यावरून तुम्ही लबाड ठरत नाही.

पण 'ही तर बँकेची तांत्रिक बाब' म्हणून गप्प बसू नका. सही जुळत नाही या कारणाने परत आलेल्या चेकलाही चेक न वटण्याच्या गुन्ह्याचे कलम १३८ लागू होऊ शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये दिला आहे. देणे खरे असेल तर आजच रक्कम बँकेतून वळती करा आणि त्याची पावती जपा. लेखी नोटीस आलीच तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिल्यास या कलमाखालची तक्रार उभी राहत नाही. रकमेबद्दल वाद असेल तर त्या १५ दिवसांत वकिलांकडून उत्तर पाठवा. आणि बँकेत जाऊन सहीचा नवा नमुना नोंदवून या.

प्रश्न : कर्ज घेताना एका सावकाराने सही केलेले दोन कोरे चेक ठेवून घेतले. कर्ज फिटले, चेक मागितले की 'शोधतो' म्हणतो. रकमेचा आकडा मी लिहिलेलाच नाही, मग माझ्यावर काही येणार नाही ना?
— एक वाचक, पंढरपूर

इथे तुमची काळजी रास्त आहे. आकडा दुसऱ्याच्या अक्षरात आहे एवढ्याने सुटका होत नाही. सही करून स्वेच्छेने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिला असे गृहीत धरले जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र हे गृहीतक पुराव्याने खोडता येते. कर्ज फिटल्याचा पुरावा हीच तुमची ढाल आहे.

परतफेडीच्या पावत्या आणि खाते उतारे एकत्र करा. चेकचे क्रमांक लिहून ते परत मागणारे पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवा. बँकेला त्या क्रमांकांचे पैसे थांबवण्याची लेखी सूचना द्या. केवळ ही सूचना दिल्याने कलम १३८पासून संरक्षण मिळते असे मात्र नाही. चेक वटवायला टाकला जाण्याची वाट न पाहता आत्ताच वकिलांना भेटा. सावकार परवाना नसलेला असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

प्रश्न : एका अंकशास्त्र सांगणाऱ्या गृहस्थांनी माझी सही पाहून सांगितले की शेवटचे अक्षर खाली झुकते म्हणून घरात पैसा टिकत नाही. खाली रेघ आणि दोन टिंबे द्या म्हणाले. तशी सही करू लागलो, तर दोन ठिकाणी कागद परत आले. जुनी सही ठेवू तर मनात किंतु, नवी ठेवू तर ही पंचाईत.
— एक शिक्षक, नांदेड

सहीच्या रेघेचा आणि घरातल्या पैशाचा संबंध दाखवणारा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही. परीक्षक सही तपासतो ती 'कुणी केली' हे ठरवायला, 'त्याचे पुढे काय होणार' हे सांगायला नव्हे. सुलेखनाची आवड म्हणून किंवा मनाच्या समाधानासाठी सही बदलायला हरकत नाही, तो तुमचा हक्क आहे. मात्र बदल अर्धवट राहिला की अडचण होते. बँक, पॅन, विमा, भविष्य निर्वाह निधी, डीमॅट, पासपोर्ट या सगळीकडे नोंद बदलावी लागते. एवढा खटाटोप नको असेल तर बिनघोर जुन्या सहीवर परत या. जुनी सही केली म्हणून काहीही बिघडत नाही.

प्रश्न : लग्नानंतर नाव बदलले, सही मात्र माहेरच्या आडनावाची होते. सासरचे म्हणतात, आता ती बेकायदा. खरे का? आणि सही इंग्रजीतच हवी का?
— एक नवविवाहिता, चिपळूण

दोन्ही समज चुकीचे. लग्नामुळे नाव किंवा सही बदलावी असे कुठलाही कायदा म्हणत नाही. सहीत आडनाव असलेच पाहिजे असेही नाही. तुम्ही नाव बदललेच आहे, तर ओळखपत्रांवर एकच नाव असू द्या, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हाताशी ठेवा आणि मालमत्तेच्या कागदांत 'ऊर्फ' लावून दोन्ही नावे लिहा. सही कोणत्याही लिपीत चालते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार चेकदेखील हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिता येतो. नमुन्याची सही मराठीत असेल तर कागदावरचीही मराठीतच हवी, एवढाच नियम पाळा.

प्रश्न : सातबारा ऑनलाइन काढला. त्यावर तलाठ्याची शाईची सही नाही, शिक्का नाही. पीककर्जाला देताना लोक म्हणतात, हा खोटा कागद. मग पैसे भरून काय मिळवले?
— एक शेतकरी, अकोले

आधी हे बघा की तुम्ही काढलेला उतारा कोणता आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शासकीय कामाला चालतो, त्यावर शाईची सही लागत नाही. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचा फोटो नव्हे. संगणक मजकुराचा अंकांतला सारांश (मजकुराचे अक्षर बदलले तर बदलणारा आकडा) काढतो आणि अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने तो कुलूपबंद करतो. जोडीची उघड किल्ली वापरून कुणालाही ते तपासता येते. फायलीत एक आकडा जरी बदलला तरी तपासणीत ते उघड होते. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली आहे.

छापील प्रतीवर ही सही 'दिसत' नाही, ती मूळ फायलीत असते. म्हणून फाइल जपून ठेवा आणि बँकेला उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक तपासायला सांगा. तरीही नाकारले, तर नकाराचे कारण लेखी मागा आणि तलाठी कार्यालयातून सहीशिक्क्याची प्रत घ्या. फायलीवर 'स्वाक्षरी पडताळली नाही' असे पिवळे चिन्ह दिसले तर घाबरू नका. अनेकदा तुमच्या संगणकाने त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याची सोय केलेली नसते, एवढेच.

प्रश्न : वडिलांनी मृत्युपत्र लिहिले आहे. नोंदणी नाही, स्टँप पेपर नाही, आणि हात थरथरल्याने सह्या वेगवेगळ्या दिसतात. भाऊ परदेशात असल्यामुळे मोबाइलवरून आधारची ई-सही करून टाकू या, असे सुचवतो. हे टिकेल ना?
— एक मुलगी, ठाणे

ई-सही करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेले आहे, ते कागदावरच हवे. बाकीच्या भीतीला मात्र आधार नाही. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार तीन गोष्टी पाहिल्या जातात. एक, वडिलांची सही किंवा खूण आहे. दुसरी, ती मजकूर अमलात यावा या इराद्याने केल्याचे तिच्या जागेवरून दिसते. तिसरी, किमान दोन साक्षीदारांनी सही होताना पाहिली किंवा वडिलांनी 'ही माझी सही' असे त्यांना सांगितले आणि मग त्यांनी वडिलांदेखत साक्ष घातली. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नाही. दोघे एकाच वेळी हजर असण्याचीही सक्ती नाही, पण असलेले बरे.

सह्यांची थरथर पाहून पुढे कुणी शंका घेऊ नये म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडून वडील शुद्धीत व समजूतदार अवस्थेत असल्याचे प्रमाणपत्र घ्या. शक्य असेल तर डॉक्टरांनाच साक्षीदार करा. प्रत्येक पानावर सही घेणे कायद्याने बंधनकारक नसले तरी पाने बदलल्याचा आरोप त्याने टळतो. ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मालमत्तेत घर, शेती किंवा दोन भावंडांत असमान वाटणी असेल तर वकिलांकडून मसुदा तपासून घ्या आणि नोंदणीही करून टाका.

प्रश्न : मला अठरा पूर्ण झाली. पहिले बँक खाते उघडायचे आहे. सगळे म्हणतात सही 'स्टायलिश' हवी. चुकीची निवडली तर जन्मभर अडकेन अशी भीती वाटते.
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

जन्मभर कुणी अडकत नाही, सही कधीही बदलता येते. तरी निवडताना तीन गोष्टी पाहा. ती घाईत, उभ्याने, साध्या पेननेही तशीच जमली पाहिजे. तिच्यात नावाची दोन-चार अक्षरे वाचता आली पाहिजेत, कारण नुसती वेलांटी गिरवणे सोपे असते आणि लिहिलेल्या अक्षरांची नक्कल अवघड. आणि सगळीकडे एकच सही ठेवा. सहीशेजारी तारीख घालायची सवय आजपासून लावा, कागदावर ओळींमध्ये मोकळी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारा आणि वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका. सहीची शैली कशीही असो, या सवयी तुमचे अधिक रक्षण करतील.